तोंड मामाचं, निदान गावाचं

पाय मोडला तर बीबी गावात कुणी फारसं मत देत नाही. मोडला म्हणजे मोडला, त्यात चर्चेला वाव नाही. ताप आला तर शेजारपाजारचे दोघं-चौघं बोलून जातात. मूतखड्यावर थोडी जास्त चर्चा होते, कारण तो पडला की पुडीत बांधून दाखवता येतो. पण रात्रीतून कुणाचं तोंड वाकडं झालं, तर अख्खं गाव वैद्य होतं आणि प्रत्येक वैद्य वेगळ्या शाखेचा निघतो.

आमच्या मामाच्या बाबतीत हेच झालं. मामा सोयाबीन-तुरीचा शेतकरी, भजनी मंडळात टाळ धरणारा आणि दुसऱ्याच्या आजारावर सगळ्यांच्या आधी औषध सांगणारा. मे महिन्यातल्या एका सकाळी तो ओट्यावर चूळ भरायला बसला. चूळ समोरच्या नालीत जायची, ती उजव्या कोपऱ्यातून ओघळून बनियनवर आली. तांब्या तिरपा धरला असेल म्हणून त्यानं पुन्हा भरली. तीही बनियनवर. मग चहा आला. बशी तोंडाला लावली तर निम्मा चहा पोटात आणि निम्मा छातीवर. मामी आतून म्हणाली, "आवो, काय सांडून राह्यले सकाळी सकाळी?" मामानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि ओशाळून हसला. तो हसला आणि मामी ओरडली.

सगळं हसू डावीकडं गेलं होतं. डावा गाल वर, डावा ओठ कानाच्या दिशेनं, आणि उजवी बाजू सपाट, सुरकुती नाही की खळी नाही. त्या बाजूनं पाहिलं तर मामा वीस वर्षांनी तरुण दिसत होता. उजवा डोळा मात्र मिटत नव्हता. मिटायला गेला की बुबुळ वर पळायचं आणि पापणीच्या फटीत नुसता पांढरा भाग उरायचा. गल्लीतली पोरं पहिल्या दिवशी घाबरली. दुसऱ्या दिवसापासून "मामा, तो पांढरा डोया दाखवा ना" म्हणत ओट्यासमोर रांग लावू लागली.

या आजाराची पहिली गंमत अशी, की वाकडी दिसते ती बाजू चांगली असते. ती बिचारी नेहमीचं काम करते, तोंड आपल्याकडं ओढते. समोरून ओढणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणून तोंड तिच्याकडं जातं. आजारी बाजू गुपचूप सपाट पडून राहते. हे गावाला कोण सांगणार? डावा गाल वाकडा दिसतोय ना, मग चोळा डावा गाल. शेजारच्या आजींनी महानारायण तेलाची अर्धी बाटली मामाच्या ठणठणीत गालात जिरवली.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला तशी अचानक घडणाऱ्या गोष्टींची सवय आहे. बीबी लोणार तालुक्यात येतं, आणि लोणारला जे घडलं त्याहून अचानक काय असणार? आकाशातून अशनी आला आणि अख्खं सरोवर करून गेला. जून २०२० मध्ये त्याच सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने गेले, आणि खारटपणा वाढल्यामुळं वाढलेल्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा हा रंग आहे असं निदान झालं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस पुंजक्या-पुंजक्यानं हातात यायला लागले, तेव्हा आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनानं नावाजलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. म्हणजे पाणी बदललं की शास्त्रज्ञ येतात, केस गेले की शास्त्रज्ञ येतात. मामाच्या तोंडासाठी पुण्या-दिल्लीहून कुणी आलं नाही. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत बाकी सगळे आले.

आणि येताना प्रत्येकजण कारण घेऊन आला. 'हवा लागली' यावर एकमत होतं. मतभेद होता तो कुठली हवा एवढ्यावरच. मामी म्हणाली कूलरची. तो कूलर मामानं हट्टानं आणला होता. मामाचा मुलगा म्हणाला एसटीच्या खिडकीची; तो केव्हापासून मोटारसायकल मागत होता. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती त्यांचं मत पडलं, की रात्री गाडीवर कान उघडे ठेवून फिरल्याची ती हवा. समृद्धी महामार्ग झाल्यापासून जिल्ह्यात वारा वाढला, असंही एक जण गंभीरपणे म्हणाला. ज्याच्याशी मामाचा धुऱ्यावरून वाद होता तो दोन दिवस फिरकला नाही, तेव्हा 'करणी' हेही कारण यादीत आलं. तिसऱ्या दिवशी तो आला, मामाकडं पाहून खरोखर हळहळला, आणि करणी यादीतून काढावी लागली. गावाला त्याचं जरा वाईट वाटलं.

जुन्या ग्रंथांत या दुखण्याला अर्दित म्हणतात आणि ते वातव्याधीत मोजतात. सुश्रुतसंहितेत कारणांची यादीच आहे: फार मोठ्यानं बोलणं, कठीण पदार्थ चावणं, जोरजोरात हसणं, जांभया देणं, डोक्यावर ओझं वाहणं, वाकडंतिकडं झोपणं. ही यादी खरी धरली तर बीबीत एकाचंही तोंड सरळ राहायला नको होतं. आमच्याकडं मोठ्यानं बोलणं याला नुसतं बोलणं म्हणतात. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर शेतकरी मोबाइलवर बोलतो तेव्हा मोबाइलची गरज नसते. पण त्याच यादीत गर्भवती, बाळंतीण, लहान मूल, म्हातारे आणि अशक्त माणसांचाही उल्लेख आहे. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गर्भवतींमध्ये हा आजार जास्त दिसतो, हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. तिथं मी सुश्रुतांना हात जोडतो. जांभईचं बाकी मला पटलेलं नाही.

खरी भानगड कानामागं असते. मेंदूतून चेहऱ्याकडं जाणाऱ्या नसांपैकी सातवी नस चेहरा हलवते, उजवी उजव्या बाजूचा आणि डावी डाव्या. ही नस कवटीच्या हाडातल्या साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते, आणि तो बोगदा सगळ्यात अरुंद ठिकाणी एक मिलिमीटरहूनही कमी असतो. भिंतीत पुरलेल्या पाइपातून वायर जावी तशी ती जाते. वायर फुगली तर पाइप काही फुगत नाही. नसेला सूज आली की ती हाडातच दाबली जाते, रक्तपुरवठा अडतो, आणि निम्म्या चेहऱ्याची लाइट जाते. सूज का येते? सर्वांत जास्त संशय एका विषाणूवर आहे. ओठावर ताप येतो, म्हणजे ताप उतरताना पुळ्या येतात, तोच हा हर्पीस. लहानपणी शरीरात शिरतो, नसांत दडून बसतो आणि कधीतरी उठतो. गार वाऱ्यावर मात्र शेकडो वर्षं नुसता आळ आहे. गुन्हा शाबीत झालेला नाही.

हे दुखणं ज्याच्या नावावर आहे तो सर चार्ल्स बेल हा स्कॉटिश शल्यवैद्य. वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमींवर त्यानं शस्त्रक्रिया केल्या, आणि चित्रकारांसाठी चेहऱ्यावरच्या भावांच्या शरीररचनेवर १८०६ मध्ये पुस्तक लिहिलं. चेहरा हलवणारी नस वेगळी आणि चेहऱ्याच्या संवेदनेची नस वेगळी, हे त्यानं १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं मांडलेल्या निबंधानंतर लोकांना कळू लागलं. त्याच्या शेकडो वर्षं आधी इराणातल्या अल-राझी या हकिमानं असल्या रोग्यांचं वर्णन करून ठेवलं होतं. पण नाव बेलचं लागलं. जमिनीचंही असंच असतं, कसतो एक आणि सातबारा दुसऱ्याचा.

आजार दुर्मीळ नाही. वर्षाला लाखामागं साधारण १५ ते ३० जणांना होतो. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. हिशेब केला तर वर्षाला चारशेपासून पावणेआठशेपर्यंत माणसं होतात. म्हणजे जिल्ह्यात रोज कुठल्या तरी एक-दोन घरांत चहा बनियनवर सांडतो. तरी प्रत्येक गावात हे पहिल्यांदाच घडल्यागत धावपळ होते.

आता उपाय. यात पहिला मान पारव्याचा. लकव्यावर पारव्याचा रस्सा आणि पारव्याच्या रक्ताची मालिश, हे आपल्याकडं इतकं पक्कं आहे, की ज्या गावात पारवे कमी दिसतात त्या गावात लकवा जास्त झाला असेल असं समजायला हरकत नाही. एक भाऊ संध्याकाळी पोत्यात दोन पारवे घेऊनच आले. विहिरीतून धरले म्हणे. मामा माळकरी. त्यानं निम्म्या तोंडानं पण पूर्ण निश्चयानं नकार दिला. पारवे पोत्यात फडफडत राहिले आणि भाऊ "तुमची मर्जी" म्हणून बसून राहिले. पोतं घरी परत गेलं की पारवे सुटले, हे कळलं नाही. त्या भाऊंच्या घरी त्या रात्री काय शिजलं, हे विचारण्याइतका उद्धट मी नाही.

दुसरा सल्ला पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीच्या दर्ग्याला नेण्याचा. आमच्या भागात ज्याचं निदान लवकर होत नाही त्याला तिकडं नेतात. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते आणि सगळ्या धर्मांची माणसं येतात. तिसरा सल्ला दोऱ्याचा. चौथा फुगे फुगवण्याचा. जुन्या वैद्यकग्रंथांतला एक उपाय मात्र घरात सगळ्यांनाच फार पटला: अर्दितावर लोण्यासोबत उडदाचे वडे खावेत. हे ज्यानं लिहिलं तो मोठा माणूस होता. औषध म्हणून वडे सांगणारा वैद्य आजकाल कुठं मिळतो? मामीनं वडे केले. आजारी एक होता, औषध नऊ जणांनी घेतलं.

पाचवा सल्ला चावडीवरच्या एका म्हाताऱ्या आबांचा. "तोंड डावीकडं गेलं ना? मंग डावीकडून एक सन्नाट ठेवून द्या. फिरून जागेवर येते." आबांनी हात उगारलाही होता. मामाचा मुलगा मधे पडला.

या उपायाचा उलटा प्रयोग मराठी माणसाच्या चांगला परिचयाचा आहे. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार एकेकाळी नायिका होत्या, देखण्या आणि धाडसी. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. सुमारे तीन वर्षं उपचार चालले. डोळा मात्र बारीक झाला तो कायमचाच. नायिकेची कामं गेली, आणि त्या एका डोळ्याच्या जोरावर त्यांनी पुढची चार-पाच दशकं हिंदी पडदा आणि आपल्या घरातल्या सुना यांना धाकात ठेवलं. 'अनाडी'तल्या मिसेस डिसांना फिल्मफेअर मिळालं. १९८७ मध्ये 'रामायण'मध्ये मंथरा आली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. मंथरेचा तो तिरपा कटाक्ष पाहून माझी आजी टीव्हीसमोरच शिव्या द्यायची. अभिनय तर थोरच. पण त्या कटाक्षामागं चेहऱ्याच्या नसेला बसलेला एक खराखुरा तडाखा होता, हे आजीला कुणी सांगितलं असतं तर तिनं शिव्या आवरल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. निदान एखादी भगवानदादांकडं वळवली असती. थपडेनं चेहरा जातो, येत नाही, हे मी आबांना समजावलं. आबा म्हणाले, "ते थप्पड इकडून बसली असन, मी तिकडून मारतो."

तेव्हापासून मामाचं नाव आळीत ललिता पवार पडलं. त्याला ते आवडलं नाही, पण उलट उत्तर द्यायला ओठ जुळत नव्हते.

कारण ओठ. आपण किती गोष्टी ओठांनी करतो हे ओठ गेल्याशिवाय कळत नाही. फुंकर मारता येत नाही, तेव्हा चहा गार होईस्तोवर बसा. तंबाखूची पिचकारी सरळ जात नाही. मामानं ज्या नालीवर नेम धरला तिच्याऐवजी शेजारच्या खाटेवर गेली, आणि इतक्या वर्षांत मामीला न जमलेलं काम होऊन त्याची तंबाखू त्या आठवड्यात सुटली. जिभेच्या पुढच्या भागाची निम्मी चव गेली, ठेचा डाव्या बाजूला तिखट आणि उजव्या बाजूला नुसता हिरवा लागू लागला. उजव्या कानात आवाज मोठे होऊन शिरू लागले. कानातला एक चिमुकला स्नायू मोठा आवाज आला की आखडून कान वाचवतो, आणि तोही याच नसेच्या ताब्यात असतो. लग्नसराईत, डीजेच्या गावात, हे दुखणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. मामाला तर स्वतःचे टाळसुद्धा सोसेनात. आणि भजनात 'पांडुरंग' म्हणायला गेला की 'प'मधून हवा निसटून 'हांडुरंग' बाहेर पडायचा. मंडळातले लोक विठोबापुढं हसू नये म्हणून खाली मान घालून गायचे.

प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरं ओठांची. बाकीच्या गावांतल्या रोग्यांना यात फार अडचण नसावी. बीबीच्या माणसाला आहे. मेहकरला डॉक्टरांना दाखवून परतताना कंडक्टरनं विचारलं, "कुठलं?" मामा म्हणाला, "व्हीव्ही." कंडक्टर म्हणाला, "व्हीव्हीपॅट? इलेक्शन झालं ना बाप्पा!" मामानं पुन्हा सांगितलं, या खेपेला दोन बोटांनी ओठ धरून. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "अहो, सुलतानपूरच्या पुढं!" आणि तिकीट निघालं.

मेहकरला गेलो, त्याचं श्रेय मामीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पारवा, सैलानी आणि थप्पड यांची बैठक चालू असताना ती पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "अगुदर डॉक्टर. मंग कबूतर." हे वाक्य कुठल्याही आरोग्यशिक्षणाच्या फलकावर मी वाचलेलं नाही. असायला हवं.

डॉक्टर तरुण होते. मामाला समोर बसवून म्हणाले, "काका, कपाळाला आठ्या घाला." मामानं घातल्या, डावीकडं पडल्या, उजवीकडं कपाळ गुळगुळीत. "डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा." मामा करत गेला, पण त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे हलणाऱ्या निम्म्या चेहऱ्यावर, संशय वाढत चालला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता शिट्टी वाजवा." बाजूला सिस्टर उभ्या. मामा उठूनच उभा राहिला. "साहेब, मी माळकरी हाये. बायांसमोर शिट्टी?" मामी म्हणाली, "वाजवा मुकाट्यानं." वाजली नाही. तोंडातून नुसता वारा आला. कालपासून गाव म्हणत होतं ती हवा कुठं होती, हे तेव्हा कळलं.

त्या आठ्यांना फार अर्थ असतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा जाते. मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण दुसरी बाजू कपाळ सांभाळते आणि आठ्या पडतात. नस कानामागं दाबली गेली असेल तर तिच्या पुढचं सगळंच अडतं, कपाळसुद्धा. म्हणजे तोंड वाकडं आणि आठ्या शाबूत, हे जास्त घाबरायचं लक्षण. सगळ्यांना उलटं वाटतं. मामाच्या आठ्या गेल्या होत्या, हातापायात ताकद होती, म्हणून डॉक्टर निवांत होते. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिली, कारण कानातला पू किंवा पुळ्या हेही कारण असू शकतं. पुळ्या असतील तर तो कांजिण्यांचाच विषाणू. गायक जस्टिन बीबरनं २०२२ मध्ये कार्यक्रम थांबवले ते त्याच्याचमुळं. ही माहिती मामाच्या नातवाला होती, मला नव्हती. कुष्ठरोगातही डोळा मिटेनासा होतो, म्हणून कातडीवर बधिर चट्टे आहेत का तेही पाहिलं. मग रक्त तपासलं आणि साखर निघाली. मधुमेहाच्या माणसाला हा आजार अधिक गाठतो. मामा इतकी वर्षं सगळ्यांना सांगायचा, की मला बापजन्मी शुगर नाही. तोंड वाकडं झालं नसतं तर आणखी बरीच वर्षं तेच सांगत राहिला असता.

औषध लिहिलं प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉइड आहे असं कळताच बसमध्ये सगळ्यांचं मत विरोधात गेलं. ज्यांनी आयुष्यात कधी पारव्याचे साइड इफेक्ट विचारले नाहीत त्यांनी गोळीचे विचारले. साखर वाढते, हे खरं आहे, आणि डॉक्टरांनी त्यासाठी रोज तपासायला सांगितलंच होतं. पण ही गोळी सूज उतरवते, आणि पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ही गोळी घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी १०० तले ९४ पूर्ण बरे होते; न घेतलेल्यांपैकी ८२. नुसती विषाणूवरची गोळी घेतलेल्यांना काही फायदा दिसला नाही.

८२ हा आकडा गावातल्या वैद्यांना माहीत नाही, पण त्यांचं सगळं दुकान त्याच्यावर चालतं. डेन्मार्कमध्ये काही औषध न देता नुसते पाहत राहिलेल्या शेकडो रुग्णांपैकी १०० तले ७१ पूर्ण बरे झाले. याचा अर्थ १०० जणांनी १०० पारवे खाल्ले तर ७० पारवे यशस्वी होतात. दोरा बांधणाऱ्याचाही तोच निकाल, फुगे फुगवणाऱ्याचा तोच, आणि नुसता झोपून राहणाऱ्याचाही तोच. बरे झालेले ७० बसस्टँडवर उभे राहून सांगत सुटतात. राहिलेले ३० तोंडाला रुमाल लावून घरी बसतात. एवढा उदार आजार मी दुसरा पाहिला नाही. जो समोर येईल त्याला श्रेय देतो.

मामाच्या डोळ्याची चिंता खरी होती. मिटत नाही म्हणजे सुकतो, धूळ जाते, बुबुळाला जखम होते. दिवसभर थेंब, बाहेर जाताना गॉगल, रात्री मलम लावून पापणीवर कागदी पट्टी. मामी रोज रात्री पट्टी लावायची आणि म्हणायची, "झोपा आता, सील केलं." गॉगल लावून मामा बाजारात गेला तेव्हा त्याला तीन जणांनी नमस्कार केला. एकानं कुठल्या पक्षाकडून उभे आहात असं विचारलं.

त्यावरून मी त्याला ज्याँ क्रेत्येंची गोष्ट सांगितली. कॅनडाचे हे पुढारी. तरुणपणीच चेहऱ्याची एक बाजू अशीच गेली, परत आली नाही. १९९३ च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांच्या वाकड्या तोंडाचे फोटो जाहिरातीत दाखवून टिंगल केली. लोक चिडले, विरोधकांचीच माणसं चिडली, जाहिरात मागं घ्यावी लागली. सत्तेवर असलेला तो पक्ष दोन जागांवर आला आणि क्रेत्यें पुढं दहा वर्षं पंतप्रधान राहिले. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ग्रामपंचायतीचं कधी हाये?"

तिसऱ्या आठवड्यात ओठाचा कोपरा किंचित हलला. मामीनं तो आरशात दाखवला तेव्हा मामानं दिवसभर आरसा सोडला नाही. आरशासमोर बसून हळूहळू भुवई उचलणं, ओठ आवळणं, ओ-ई करणं, हा व्यायाम डॉक्टरांनीच सांगितला होता. घाई करू नका, जोर लावू नका असंही बजावलं होतं. माणूस साठीनंतर आरशासमोर तोंडं करत बसला तर गावात काय बोललं जातं ते सांगत नाही. पावसाळा संपेपर्यंत 'बीबी' स्पष्ट निघू लागलं.

सगळं शंभर टक्के आलं नाही. नस पुन्हा वाढताना एखादा धागा चुकून दुसऱ्याच स्नायूला जाऊन मिळतो. त्यामुळं मामा हसला की उजवा डोळा आपोआप थोडा मिटतो. भाजीबाजारात याचा अर्थ वेगळा घेतला गेला, आणि मामीला नसेचं शास्त्र समजावायला मला बीबीला यावं लागलं. क्वचित काहींच्या बाबतीत लाळेच्या ग्रंथीकडं जायचा धागा अश्रूंच्या ग्रंथीला लागतो, मग माणूस जेवायला बसला की डोळ्यातून पाणी येतं. मामा त्या थोडक्यांत निघाला. दिवाळीनंतर गावात एका मोठ्या माणसाची तेरवी होती. मामाचं त्यांच्याशी कधीच पटलं नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पंगत बसली, वरणाचा पहिला घास मामानं घेतला आणि उजव्या डोळ्यातून धार लागली. दुसरा घास, पुन्हा धार. वाढपी थांबले. गेलेल्या माणसाचा मुलगा आला, मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, तुमी एवढं मनाला लावून घेतलं?" मामा काय बोलणार, तोंडात बुंदी होती. त्या दिवसापासून दोन घरांमधला अबोला संपला.

चेहरा परत आल्यावर श्रेयाची वाटणी झाली. पारवेवाले भाऊ म्हणाले, पोतं नुसतं घरात आलं त्याचाही गुण येतो. तेलवाल्या आजी डाव्या गालाकडं बोट दाखवून म्हणाल्या, बघा किती सरळ झालाय. आबांचं म्हणणं असं की हात उगारला तेव्हाच नस घाबरली. मामा स्वतः उडदाच्या वड्यांच्या बाजूनं आहे आणि दुखणं पुन्हा येऊ नये म्हणून दर आठवड्याला ते मागतो. गोळीचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही.

तेव्हा वाचकहो, बीबीत असा की मुंबईत, घरात कुणाचं तोंड सकाळी वाकडं दिसलं तर कारण शोधत बसू नका. हात, पाय किंवा बोलणं यांत काही फरक असेल, किंवा कपाळाला आठ्या दोन्हीकडं पडत असतील, तर १०८ ला फोन करा. आठ्या एकीकडं गेल्या असतील तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शुगर तपासा, डोळा झाका, आणि गोळी सुरू व्हायला ७२ तासांच्या वर एक तासही जाऊ देऊ नका. पारवे तोपर्यंत विहिरीतच राहू द्या.